साडेसात किलोंची चौथाई

तमाम वसईकर मंडळी मुक्काम दोहा, तसेच गावी राहिलेली त्यांची पोरेबाळे, मेहुणेपाहुणे, थोर आणि चिल्लर, सर्वांस ठाऊक असावे म्हणोन ही हकीगत मांडिली असे. सन दोन हजार पंचवीस, माहे नोव्हेंबर, तारीख अठ्ठावीस, वार शुक्रवार, सकाळचे सात वाजता, कतर मुलखी, जेथे पगारी पलटणी लीगचे सामने खेळतात ऐशा खऱ्याखुऱ्या स्टेडियमात, टेकडीचे कॉलेज आणि खाडीचे कॉलेज या वसईच्या दोन दौलतींमध्ये फुटबॉलाचे तुंबळ जाहाले. त्यात कोण पडला, कोण आपोआप पडला, आणि कोणास कोणी न ढकलता बसावे लागले, हे खरे खरे सांगितले पाहिजे. मोठेपणा सांगू जाता तो थोडका आहे. फजिती बहुत आहे. परंतु ती आपलीच आहे, म्हणोन लपवीत नाही.

टेकडीच्या फौजेचे सरनोबत विन्सेंटराव तुस्कानो. वय बावन्न, हुद्दा एसीच्या कंपनीत फोरमन, वस्ती अल मन्सूरा, केरळी हाटेलाच्या वर दुसरा मजला, जिन्यात सदा परोट्याचा वास. उंची बरी, पोट त्याहून बरे. टेकडीच्या कॉलेजात तीन वर्षे होते आणि तिन्ही वर्षे पहिल्याच वर्गात काढिली, आणि मग प्रिन्सिपलांनी हात जोडिले म्हणोन बाहेर पडिले. परंतु फी तिन्ही वर्षांची भरली असल्याकारणे कॉलेजाचा अभिमान त्यांस इतरांच्या तिप्पट.

समोर खाडीचे सेनापती ऑल्विनराव लोपीस. पदवी पहिल्या झटक्यात, नोकरी मुशैरिबात काचेच्या इमारतीत, गळ्यात कार्ड, बोलणे गोड, आणि फुटबॉल खेळतानासुद्धा मनगटावरील घड्याळ काढीत नाहीत. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस हे दोघे जिवाचे दोस्त. शुक्रवारी चर्चात मिस्सेला एका बाकावर बसणार, एकाच्या कुकरची शिट्टी दुसऱ्याच्या घरी सापडणार, एकास ताप आला तर दुसरा पेज घेवोन येणार. उरला एक दिवस. त्या एका दिवशी, डाव संपेतो, एकमेकांचे तोंड पाहात नसत.

आता वैर ते कशाचे, तर चौथाईचे. चौदा वर्षांमागे बरवा अल बराहा या कामगारांच्या वस्तीमागल्या रेताड मैदानावर पहिला सामना जाहाला, आणि मग अल मन्सुऱ्यात चहा पिताना टिश्यू पेपरावर तह लिहिला गेला, की जो हरेल त्या कॉलेजाच्या हरएक माणसाने वर्षभर गावी जाताना आपल्या तीस किलोंच्या बॅगेतला चौथा हिस्सा, म्हणजे साडेसात किलो, जिंकणाऱ्यांच्या सामानास द्यावा, हूं की चूं करू नये, आणि सामान वसईत घरपोच करावे. गल्फातल्या माणसास किलो म्हणजे काय ते सांगणे नको. एक वेळ जमिनीचा तुकडा देईल, बॅगेतला किलो देणार नाही. तो टिश्यू पेपर पुढे लॅमिनेट जाहाला आणि ऑल्विनरावांच्या पाकिटात राहू लागला, कारण चौदापैकी दहा सामने खाडीने जिंकिले, आणि त्यातले तीन लागोपाठ, गेल्या तीन वर्षांचे.

त्या तीन वर्षांत विन्सेंटरावांनी काय काय वाहिले त्याची मोजदाद कोणी करावी? दुधाच्या पावडरीचे डबे, दुखऱ्या गुडघ्यांचा बाम, खजूर, कोणाच्या सासूची इस्त्री, कोणाच्या भावाच्या गाडीचा एक आरसा, आणि एकदा तर कोणाच्या नातवाच्या तीनचाकीची नुसती सीट. आणि चौथाई साडेसाताची असली तरी विन्सेंटरावांच्या तोंडास 'नाही' हा शब्द देवाने दिलेलाच नव्हता, म्हणोन शत्रूचे साडेसात जाहाले की स्वपक्षाचे लोक येत, आणि 'एवढंसं तर आहे' म्हणत आणखी वीस भरीत. खासा सरनोबत दोन शर्ट आणि एक लुंगी घेवोन स्वदेशी उतरे. घरी पोचले की ओटीवर सामान नेणाऱ्यांची रांग लागे, आणि लेक ॲश्लिन एकेक पुडके वाटीत बसे. शेवटी बॅगेचा तळ दिसे, तळाशी तिच्यासाठी एक लोशनची बाटली असे, आणि ती म्हणे, छान वास आहे डॅडी.

ही ॲश्लिन बावीस वर्षांची, वसईत आत्याकडे राहून घरच्या घरी केक करोन विके. नाताळाच्या महिन्यात बत्तीस-पस्तीस केक, सर्व हाताने फेटिलेले. तिच्यासाठी रोझमेरीबाईंनी, म्हणजे विन्सेंटरावांच्या कबिल्याने, इस्पितळात जादा पाळ्या करोन केक फेटायचे भारी यंत्र घेतले. वजन खोक्यासकट सात किलो दोनशे. घेतले त्यास दोन वर्षे जाहाली, आणि दोन्ही वर्षे त्याची जागा चौथाईने आणि स्वपक्षाने मिळोन खाल्ली, आणि यंत्र पलंगाखाली धूळ खात पडिले. कोणी म्हणेल की कार्गोने का नाही धाडिले. तर एकदा कार्गोने ओव्हन धाडिला होता, तो तीन महिन्यांनी पोचला आणि दार उघडू गेले तो दारच हाती आले. कोणी म्हणेल की जादा किलोचे पैसे भरावे. ऐसे म्हणणारा माणूस वसईचा नव्हे. आणि रोझमेरीबाईंस इस्पितळातून गेली दोन वर्षे रजा मिळणे म्हणजे कोंबड्यास दात येणे.

नोव्हेंबराच्या आरंभी व्हिडिओ कॉलात ॲश्लिन उजवा हात सारखा टेबलाखाली ठेवी. रोझमेरीबाई नर्स, त्यांस फसविणे सोपे नव्हे. हात वर कर म्हणाल्या. तो मनगटास क्रेपची पट्टी. मग पोरीने कबूल केले, की डॉक्टराने फेटणे बंद सांगितले आहे, परंतु ऑर्डरी घेतल्या आहेत, आणि काही नाही होत, मी डाव्या हाताने करते. कॉल संपला, आणि रोझमेरीबाईंनी पलंगाखालचे खोके ओढोन बाहेर काढिले, वरची धूळ पदराने नव्हे, नवऱ्याच्या शर्टाने पुसली, आणि हुकूम सोडिला.

"या वेळेस हरलास, तर हे मी डोक्यावर घेते आणि वसईपर्यंत चालत जाते. वाटेत इराण लागो की पाकिस्तान."

आता यात पेच ऐसा की रोझमेरीबाई स्वतः खाडीच्या कॉलेजाच्या, बी.ए. सेकंड क्लास. म्हणजे माहेर शत्रूपक्षी. परंतु त्या म्हणाल्या की कॉलेज गेले खड्ड्यात.

इकडे ऑल्विनरावांनी व्हॉट्सॅपावर फर्मान काढिले. त्यांची कंपनी मोठमोठ्या इमारती सांभाळते, तिच्या वशिल्याने शुक्रवारी सकाळी सात ते नऊ खुद्द स्टेडियम मिळाले आहे, हिरवे गवत, पांढरे खांब, खऱ्या जाळ्या, चाळीस हजार खुर्च्या. तरी यंदा रेतीत लोळणे बंद, आणि दोन्ही फौजांनी सात सात नव्हे तर अकरा अकरा असामींनिशी हजर व्हावे. हे वाचोन दोन्ही छावण्यांत आनंद मावेना. ज्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते त्यांनी ते पुढे ढकलिले. एकाने तर नवीन बूट घेतले आणि चार दिवस ते घालोन घरात चालला.

परंतु टेकडीकडे धडके माणूस नऊ, लंगडा धरोन दहा. अकरावा कोठून आणावा? मग विन्सेंटरावांस धनाजीची याद जाहाली. धनाजी बीडकडचा, विन्सेंटरावांच्याच कंपनीत पाइप वाहणारा, वस्ती बरवा अल बराहा, आणि गल्फात येण्यापूर्वी दोन वर्षे टेकडीच्या कॉलेजाच्या कँटीनात भजी तळीत होता. खाडीने हरकत घेतली की तो विद्यार्थी नव्हे. टेकडीने जबाब पाठविला की आमच्या निम्म्या फौजेने कॉलेजात कँटीनाखेरीज दुसरी खोली पाहिलेली नाही, त्या हिशेबी धनाजीच सर्वांत जुना विद्यार्थी ठरतो. याजवर धनाजी किल्लेदार म्हणोन गोलात उभा करणे मंजूर जाहाले. त्यास विचारिले की कधी गोलकीपिंग केली आहेस का. तो म्हणाला, "म्हशी आडवल्यात. त्येवढं धरा."

मग तो शुक्रवार उजाडला. हवा थंड, आकाश निळे, फौजा गाड्यांतून, आणि सरनोबत मेट्रोने, ऐशा निघाल्या. दरवाजावर अमान नावाचा पठाण पहारेकरी. रोझमेरीबाईंनी मैद्याचे गोल गोड फुगे दोनशे तळोन आणिले होते, सोबत सुक्या बोंबलांची चटणी, ते पाहोन अमानने हात आडवा केला की खाना अंदर नहीं जाएगा, बहनजी. इथे पाऊण तास वेढा पडला. ऑल्विनरावांनी गळ्यातले कार्ड दाखविले, ते कामास आले नाही. मग बाईंनी चार फुगे चटणी लावोन अमानच्या हाती दिले, ते त्याने खाल्ले, डोळे मिटले, आणि रसद आपल्या केबिनीत जमा करोन घेतली. वर मोठ्या मायेने म्हणाला की खेळा, खूब खेळा, आज घास का टेस्टिंग है, साहब लोगों ने बोला था कोई भारी आदमी बुलाओ.

दोन्ही सेनापतींनी हे ऐकिले. ऑल्विनराव घड्याळ पाहू लागले. विन्सेंटराव बुटाची नाडी बांधू लागले, आणि बांधलेलीच होती. हे शब्द फौजेच्या कानी जाऊ नयेत ऐसे दोघांत, त्या दिवसापुरते वैर बाजूस ठेवोन, डोळ्यांनीच ठरले.

मग आत गेले, आणि रण पाहिले. वाटले होते की मोठे असेल. परंतु इतके? या टोकाच्या गोलात उभ्या धनाजीचा चेहरा त्या टोकाहून दिसेना. रेतीतल्या मैदानात थुंकी टाकिली तर शत्रूच्या गोलात पडे. इथे आवाजसुद्धा वाटेत थकत होता. चाळीस हजार खुर्च्या, त्यात बायकापोरे धरोन एकोणीस माणसे, तीही उन्हाला भिऊन एका कोपऱ्यात. विन्सेंटरावांनी एकवार जाळीकडे पाहिले, एकवार रोझमेरीबाईंकडे, आणि मनात म्हणाले की देवा, मला फक्त सात किलो दोनशे पाहिजेत, बाकी काही नको.

न्यायाधीश हमजा, मूळचा सुदानी, शाळेत खेळाचा मास्तर, शिटी गळ्यात आणि पुस्तक डोक्यात. त्याने शिटी फुंकिली आणि युद्धास तोंड लागले.

तोंड लागले म्हणावे तर पुढे काही लागेना. चौदा वर्षांची सवय अशी की सर्व गर्दी मधल्या गोल रेघेपाशीच. वीस माणसे पंचवीस पावलांच्या जागेत एकमेकांच्या नडग्या फोडीत होती आणि बाकीचे मैदान ओस पडिले होते. बॉल चुकून बाहेर सुटला की तो आणावयास कोण जाणार यावर मसलत बसे. धनाजी दूर आपल्या किल्ल्यात एकटा, त्यास काही बातमी लागेना, तो मधून मधून हाक मारी की काय चाललंय वो तिकडं, आणि इकडून जबाब जाईपर्यंत दुसरेच काही चालू होई. हमजा यल्ला यल्ला करोन सर्वांस पुढे हाकी, परंतु पुढे म्हणजे किती पुढे हे पाहोन लोक परत फिरत. ऑफसाइडची शिटी अकरा वेळा जाहाली, आणि अकराही वेळा दोन्ही फौजांनी एकमेकांस विचारिले की काय जाहाले. खाडीचा एक शिलेदार पाणी पिण्यास गेला तो आलाच नाही. पुढे त्यास खेळाडूंच्या खोलीत, मऊ बाकावर, पाय वर करोन झोपलेला पाहिला. येणेंप्रमाणे पहिला अर्धा तास सरला. कोणा गोलाकडे कोणाचा एक बॉल गेला नाही.

मध्यंतरी टेकडीच्या गोटात मसलत जाहाली. फौजेत खरा धावणारा एकच, डेरिल घोन्साल्विस, वय सव्वीस, इंजिनियर, दोन वर्षांमागे दोह्यास आलेला. विन्सेंटरावांनी हुकूम दिला की आता बाकी कोणी धावू नये, नाहीतरी धावत नव्हताच, ज्यास बॉल मिळेल त्याने तो डेरिलकडे ढकलावा आणि डेरिलने काय ते करावे. डेरिल म्हणाला, "ओके अंकल, पण तुम्ही बसू नका ना." विन्सेंटराव गवतावर बसले होते. ते उठिले, आणि उठण्यास दोघांची कुमक लागली.

दुसऱ्या अर्ध्यात खाडीने एकदाच भारी धाड घातली. ऑल्विनराव खासा पुढे, घड्याळ चमकत, तिघांस चुकवोन, किंवा तिघे आपणहून बाजूस होऊन, थेट किल्ल्यापाशी आले आणि तोफ डागली. धनाजी म्हशीसमोर उभा राहतात तैसा हात पसरोन उभा होता, हलला नाही, बॉल त्याच्या पोटावर बसला आणि परत गेला. धनाजी खाली बसला, मग उठिला, आणि म्हणाला की अजून येऊ द्या. टेकडीच्या बायकापोरांनी टाळ्या पिटिल्या. रोझमेरीबाईंनीही पिटिल्या, आणि शेजारी बसलेली ऑल्विनरावांची बायको त्यांच्याकडे ऐशा नजरेने पाहू लागली की पुढे महिनाभर कुकरची शिट्टी परत मिळाली नाही.

मग डेरिलने बॉल नेला आणि टेकडीस कॉर्नर मिळाला. उंच माणूस पुढे पाहिजे म्हणोन सरनोबतांस हाका गेल्या. ते निघाले. चालत चालत, मधली रेघ ओलांडोन, कमरेवर हात ठेवोन, दोनदा थांबोन, शत्रूच्या गोलापाशी पोचले, तोवर कॉर्नर मारोनही झाला होता आणि बॉल पुन्हा दुसरीकडे गेला होता. आता इतकी वाट परत चालणे त्यांच्याने होईना. म्हणोन तेथेच, शत्रूच्या गोलासमोर पाच-सहा पावलांवर, गुडघ्यांवर हात टेकोन, धापा टाकीत उभे राहिले. आणि त्यांस अडविण्याकरितां धावत परतलेले ऑल्विनराव, त्यांच्या पोटरीत ऐसा गोळा आला की ते कळवळोन डावीकडच्या खांबास पाठ लावोन, रेघेवरच पाय लांब करोन बसले. दोन दोस्त दहा-बारा पावलांवर, दोघेही हलू न शकणारे. ऑल्विनराव म्हणाले, "विन्स, पाणी आहे काय रे?" विन्सेंटराव म्हणाले की असते तर मीच नसतो का प्यालो.

घड्याळात चार मिनिटे उरली. इतक्यात मैदानाच्या मध्यात डेरिलला बॉल मिळाला, तो पोर वाऱ्यासारखा सुटला, कोणी त्याच्या मागे गेले नाही, आणि तीस पावलांवरून त्याने जी लाथ हाणिली ती खाडीच्या किल्लेदाराच्या बोटांवरून निसटोन उजव्या खांबावर बसली. ठण्ण. साऱ्या रिकाम्या स्टेडियमात तो आवाज घुमला.

आणि रण थांबले. जो जेथे होता तेथे उभा राहिला.

हे कैसे, ते उलगडोन सांगितले पाहिजे. बरवा अल बराहाच्या मागचे ते रेताड मैदान, त्यास तिन्ही बाजूंनी याच मंडळींच्या गाड्या लागलेल्या असत, आणि गोल म्हणजे पाण्याचे दोन कॅन. खांब नाही, पत्रा नाही. म्हणोन चौदा वर्षांत लोखंडावर बॉल आपटल्याचा आवाज आला तर त्याचा अर्थ एकच, की कोणाची तरी गाडी फुटली. कायदाच तैसा, की आवाज जाहाला की डाव बंद, सर्वांनी माना वळवाव्या, आणि कोणाची, कोणाची म्हणत पाहण्यास जावे. ती सवय हाडात भिनली होती. ठण्ण जाहाले मात्र, वीस माणसांच्या माना एकदम वळल्या, हात खिशांकडे गेले, ज्या चड्डीस खिसा नव्हता ती चड्डीही लोक चाचपू लागले. खाडीचा किल्लेदार गोल सोडोन चार पावले पुढे आला आणि डोळ्यांवर हात धरोन खुर्च्यांकडे पाहू लागला. ज्याने बॉल मारिला तो डेरिल तर सर्वांत हवालदिल. त्याने महिन्यामागे पांढरी गाडी घेतली होती, अजून सीटांचे प्लास्टिक काढिले नव्हते.

हललेला माणूस एकच. कारण साऱ्या दोह्यातल्या वसईकरांत गाडी नसलेला आणि त्या रणात त्या टोकास उभा असलेला माणूस एकच. विन्सेंटरावांनी कतरचे लायसन मिळविण्यास पाच स्वाऱ्या केल्या, चारदा पार्किंगात शिकस्त खाल्ली, आणि पाचव्या खेपेस सर्व बरोबर करोन हर्षाच्या भरात पट्टा न सोडता दार उघडले आणि तेथेच लोंबकळले. तेव्हांपासून कोणाचीही गाडी फुटो, त्यांच्या पोटातले पाणी हलत नसे. खांबास लागोन बॉल त्यांच्याच पायाशी घरंगळत आला. समोर गोल मोकळा. त्यांस त्या जाळीत ॲश्लिनची पट्टी दिसली ऐसे कोणी पुढे म्हटले, परंतु ते खरे नव्हे. त्यांस बॉलच नीट दिसत नव्हता, डोळ्यांत घाम गेला होता. त्यांनी पाय मारिला. तो पंजा लागला नाही, नडगी लागली. बॉल मुंगीच्या चालीने निघाला. ऑल्विनरावांनी बसल्या जागी पाहिले, नुसता पाय आडवा केला असता तरी बॉल थांबला असता, परंतु तो पाय गोळ्याचा होता, तो उचलेना. त्यांनी हाताने पाय उचलोन पाहिला. बॉल त्यांच्या बुटास हळूच घासोन, रेघ ओलांडोन, जाळीपर्यंतही न पोचता, आत जाऊन निजला.

हमजाने शिटी फुंकिली आणि मधल्या रेघेकडे बोट केले.

मग खाडीच्या फौजेने हमजास घेरिले. आधी ऑफसाइड म्हणोन पाहिले. हमजाने खांबास टेकलेल्या ऑल्विनरावांकडे बोट दाखविले, की एक तो रेघेवर आणि एक तुमचा किल्लेदार, दोघे याच्या पुढे होते, ऑफसाइड कैसी? मग कोणी बोलिला की पत्र्याचा आवाज जाहाला, डाव बंद होता, गाडीला लागले की डाव बंद हा आमचा कायदा आहे. हमजाने चारी दिशांस पाहिले. गवत पाहिले, खुर्च्या पाहिल्या, छप्पर पाहिले. मग फार शांतपणे विचारिले, "कार? व्हेअर इज कार?"

खाडीचे पदवीधर तेथेच गवतावर बसले.

उरलेली चार मिनिटे कोणी कोठे गेले नाही. विन्सेंटराव ऑल्विनरावांच्या शेजारी खांबास टेकोन बसले आणि त्यांची पोटरी चोळीत राहिले, आणि हमजाने शेवटची शिटी फुंकिली ती दोघांनी बसूनच ऐकिली.

येथवर पहिले युद्ध. दुसरे याहून बाके, ते दुपारी जाहाले.

अंघोळी करोन, मिस्सा ऐकोन, दोन्ही फौजा रिवाजाप्रमाणे अल मन्सुऱ्यात घराखालच्या केरळी हाटेलात जेवावयास बसल्या. ऑल्विनरावांनी पाकिटातून लॅमिनेट केलेला तहनामा काढोन विन्सेंटरावांच्या हवाली केला. सर्व खाडीवर चौथाई बसली. खुद्द रोझमेरीबाई खाडीच्या, म्हणोन पुढल्या रजेस त्यांनी आपल्या नवऱ्याचे सामान नेणे कायद्याने आले, ते त्या तेवीस वर्षे बिनकायद्याने नेतच होत्या. विन्सेंटराव पाच डिसेंबरास निघणार, बॅग पहिल्यांदाच बंधनमुक्त. येथे विजयी फौजेने पाहिले की सरनोबताची बॅग मोकळी आहे, आणि फौजेचे डोळे चमकले.

पहिला डेरिल. त्याने टेबलाखालून पिशवी काढिली, की मम्मीचं बीपीचं मशीन, सहाशे ग्रॅम, अंकल, एवढंसं. मग लंगडा शिलेदार, दोन किलो खजूर. मग एकाचे ब्लँकेट, जे म्हणे दिसते तितके जड नाही, नुसते फुगलेले आहे. मग आणखी एक, आणि आणखी एक, सर्व आपलीच माणसे, सकाळी ज्यांच्यासाठी नडगी फोडोन घेतली ती. विन्सेंटरावांचे तोंड सवयीने उघडले. 'दे' हे अक्षर जिभेच्या शेंड्यावर येवोन बसले. रोझमेरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही; त्या ताटातला मासा निवडीत राहिल्या, आणि काटा काढोन झाला तरी निवडीत राहिल्या.

विन्सेंटराव म्हणाले, "नाही जमणार. यंदा ॲश्लिनचं मशीन जातंय."

पुढे सरकलेल्या पिशव्या वाटेतच थांबल्या. हा शब्द त्या तोंडातून कोणी ऐकिला नव्हता. मग खजूरवाला समजुतीने बोलिला की मशीन सातच किलो ना रे, उरले तेवीस, त्यात काय नेणार तू?

"माझे कपडे."

"तुला कपडे लागतात किती?"

सर्व हसले. विन्सेंटरावही हसले. मग पाणी प्याले, आणि ग्लास खाली ठेवोन म्हणाले, "इतकी वर्षं दोन शर्टांवर गावी गेलो. यंदा पाच नेणार आहे. आणि पोरीसाठी जे जे दिसेल ते नेणार आहे. कोणाला राग आला तर येऊ दे."

राग कोणास आला नाही. परंतु पिशव्याही कोणी मागे घेतल्या नाहीत. धनाजी तेवढा बोलिला की बराबर हाय, आणि भात वाढून घेतला. मग समोरच्या बाकावरून ऑल्विनराव टेबल धरोन उभे राहिले, तो पाय अजून टेकत नव्हता.

"हरलो मी आहे ना? मग त्याला काय विचारता? आणा इकडे. एकोणीसला निघतोय मी."

आणि मग एकेक पिशवी टेबलावरून सरकत त्यांच्यापुढे गेली. हाटेलवाल्याने काटा आणोन दिला. सर्व मिळोन अकरा किलो भरले. ऑल्विनराव म्हणाले की साडेसात तहाचे, वरचे साडेतीन मैत्रीचे, आणि बीपीचे मशीन हातातल्या बॅगेत घेतो, ते आपटायला नको.

येणेंप्रमाणे टेकडीची फत्ते जाहाली, एक गोल विरुद्ध शून्य, गोल करणार विन्सेंट तुस्कानो, नडगीने. पाच डिसेंबराच्या सकाळी रोझमेरीबाईंनी हुकाचा काटा धरिला आणि सरनोबतांनी बॅग टांगली. आत केक फेटायचे यंत्र, पाच शर्ट, एक लुंगी, लोणी फासावयाचे चार ब्रश, केकचे साचे लहानमोठे सहा, केकासाठी बदाम, अक्रोड आणि चॉकलेट मिळोन बारा किलो, आणि मनगटास बांधावयाचा इस्पितळातला चांगला पट्टा. भरले एकोणतीस किलो आठशे. दोनशे ग्रॅम शिल्लक राहिले. जिन्यात शेजारी पुडके घेवोन उभा होता, त्यास नमस्कार सांगितला. ते दोनशे ग्रॅम खालसा ठेविले, कोणास दिले नाहीत.